पगार इथे गहाण, फ्लॅट दुबईत

पुण्या-मुंबईच्या बड्या हॉटेलांत शनिवार-रविवारी भरणारी दुबईच्या घरांची प्रदर्शनं आता कुणाला नवी नाहीत, आणि त्यांच्यावरून होणारं भांडणही आता साचेबंद झालंय. एक बाजू म्हणते, देशाचा पैसा बाहेर चालला, रुपया असाच घसरतो, ही माणसं स्वार्थी. दुसरी बाजू म्हणते, पैसा माझा, त्यावरचा कर मी भरलेला, घर कुठे घ्यायचं ते सरकारने मला शिकवू नये. मुंबईत घराच्या किमतीवर अडीच-तीन टक्के भाडं सुटतं तिथे दुबईत सहा-सात सुटतं, एवढंही ज्यांना कळत नाही त्यांच्याशी काय बोलायचं? आवाज दोन्हीकडून चढतो आणि खरा प्रश्न तसाच बाजूला पडून राहतो. पैसा बाहेर गेला की नाही, दुबई चांगली की वाईट, हे नंतर बघू. जो पैसा जातोय तो मुळात त्या माणसाचा आहे का? बुकिंगचे वीस-पंचवीस लाख जर फोनवर आलेल्या ‘प्री-अप्रूव्ह्ड’ पर्सनल लोनमधून उचललेले असतील, तर ‘माझा पैसा’ हे वाक्यच खोटं पडतं.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. पाच वर्षांत फेडायचं, रुपयांतलं, विनातारण कर्ज काढून परदेशात अर्धवट बांधलेलं घर घेणं हा शहाणा धोका नाही. ते करू देऊ नये असा रिझर्व्ह बँकेचा जो नियम आहे तो बरोबर आहे. मात्र त्याची जबाबदारी आज जशी वाटली गेली आहे, म्हणजे सही कर्जदाराची, दंड कर्जदाराला आणि कमिशन बाकी सगळ्यांना, ती साफ चूक आहे.

देशभक्तीच्या मुद्द्यात फार दम नाही, तो आधी हातावेगळा करू. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला उदारीकृत प्रेषण योजनेखाली, म्हणजे एलआरएसखाली, वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. २००४ साली ही योजना आली तेव्हा मर्यादा पंचवीस हजार डॉलर होती. २०१५ पासून ती अडीच लाखांवर आहे. २०२३-२४ मध्ये या वाटेने सुमारे ३१.७ अब्ज डॉलर गेले. त्यातले निम्म्याहून जास्त लोकांच्या परदेश प्रवासावर खर्च झाले आणि घरांसाठी गेलेली रक्कम एक टक्क्याच्याही आत होती. ज्यांना देशाच्या गंगाजळीची एवढी काळजी वाटते त्यांनी आधी स्वित्झर्लंडच्या सहली बंद कराव्यात. स्वतःच्या शिलकीतून कुणी दुबईत, लिस्बनमध्ये किंवा लंडनमध्ये घर घेत असेल तर त्यात गैर काही नाही, कायदाही आड येत नाही. २०२२ च्या परदेशी गुंतवणुकीच्या नियमांत एलआरएसच्या पैशांतून घर घेण्याची सोय स्पष्ट लिहिलेली आहे.

पण त्याच योजनेच्या निर्देशांत आणखी एक वाक्य आहे, आणि प्रदर्शनातल्या चकचकीत माहितीपत्रकात ते कधीच सापडत नाही. भांडवली स्वरूपाची रक्कम या योजनेखाली बाहेर पाठवण्यासाठी बँकांनी रहिवासी व्यक्तीला कोणत्याही प्रकारचं कर्ज देऊ नये, असं ते वाक्य आहे. कोणत्याही म्हणजे कोणत्याही. पर्सनल लोन असो की राहत्या घरावरचं टॉप-अप, म्हणजे चालू गृहकर्जावर काढलेलं वाढीव कर्ज. पैसे पाठवताना ए-टू फॉर्म भरावा लागतो, त्यावर हेतूचा कोड घालावा लागतो (परदेशातल्या स्थावर मालमत्तेसाठी तो एस-०००५) आणि हा निधी माझा स्वतःचा आहे अशी सही करावी लागते. दुसरीकडे कर्जाच्या अर्जावर ‘लग्न’, ‘घराची दुरुस्ती’ किंवा नुसतंच ‘वैयक्तिक’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे एकाच माणसाच्या एकाच महिन्यातल्या दोन सह्या, आणि त्यातली किमान एक खोटी. तिची जबाबदारी कुणावर? एजंट तर कुठेच सही करत नाही. काही एजंट त्याही पुढे जाऊन सांगतात की एस-०००५ कशाला घालता, ‘नातेवाइकांच्या उदरनिर्वाहासाठी’ म्हणून पाठवा. फेमाखाली, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखाली, उल्लंघनाच्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो, हे सांगायला तेव्हा तिथे कुणी नसतं.

आता हिशेब मांडू, कारण या वादात आकडे फेकले खूप जातात, मांडले कधीच जात नाहीत. सहा लाख दिरहमचा एक स्टुडिओ धरा. दिरहम साडेचोवीस रुपयांना पडला तर किंमत एक कोटी सत्तेचाळीस लाख. बुकिंगला दहा टक्के आणि दुबईच्या लँड डिपार्टमेंटची नोंदणी फी चार टक्के, असे चौऱ्याऐंशी हजार दिरहम, म्हणजे साधारण साडेवीस लाख रुपये. वर्षाला दहा लाखांच्या वर बाहेर पाठवलेल्या रकमेवर बँक वीस टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापते. तो विवरणपत्र भरल्यावर वळता होतो हे खरं, पण आज खिशातून जातोच. ते दोन लाख धरून झाले पावणेतेवीस. बाकीचा किरकोळ खर्च धरून पंचवीस लाखांचं कर्ज, तेरा टक्के, पाच वर्षं. हप्ता जवळजवळ सत्तावन्न हजार. इथवर हिंजवडीतलं कुणीही नवरा-बायको म्हणतील, जमेल की. पण अजून बिल्डरच्या हप्त्याचा तो सुप्रसिद्ध ‘महिन्याला फक्त एक टक्का’ यायचाय. सहा लाख दिरहमचा एक टक्का म्हणजे सहा हजार दिरहम, म्हणजेच एक लाख सत्तेचाळीस हजार रुपये दरमहा. दोन्ही मिळून दोन लाख चार हजार. एप्रिलपासूनचे पहिले सात हप्ते सोडले की पुढच्या प्रत्येक हप्त्यावर टीसीएसपोटी आणखी एकोणतीस हजारांच्या आसपास अडकतात. दोघांचा मिळून तीन लाख पगार असलेल्या घरात इथलं भाडं, मुलांची शाळा, आईवडिलांची औषधं आणि गाडीचा हप्ता यांना मग काय उरतं? ‘एक टक्का’ या दोन शब्दांत दीड लाख रुपये लपवता येतात, ही विक्रीची कला खरी.

आणि मध्येच नोकरी गेली तर? तीन वर्षांनी गेली असं धरू. तोवर दहा आणि छत्तीस, असे सेहेचाळीस टक्के भरून झालेले असतात. आजच्या दराने साडेसदुसष्ट लाख. दुबईचा २००८ चा तेरा क्रमांकाचा कायदा आणि त्यातल्या नंतरच्या दुरुस्त्या सांगतात की ग्राहकाने हप्ते थांबवले आणि इमारत साठ टक्क्यांच्या पुढे गेलेली असेल, तर तीस दिवसांच्या नोटिशीनंतर करार मोडून बिल्डरला घराच्या किमतीच्या चाळीस टक्क्यांपर्यंत रक्कम ठेवून घेता येते. भरलेल्या पैशांच्या नव्हे, घराच्या किमतीच्या. सेहेचाळीसातून चाळीस गेले, उरले सहा. म्हणजे पावणेनऊ लाख, तेही मिळतील तेव्हा. इकडे पर्सनल लोनची बाकी तेव्हाही बारा लाखांच्या घरात असते. फ्लॅट नाही, साठ लाखांच्या आसपास गेले आणि डोक्यावर तीन लाख वर. यावर एजंटचं उत्तर तयार असतं: त्याआधी बुकिंग विकून मोकळं व्हायचं. चढत्या बाजारात हे जमतंही, अनेकांना जमलंय. पण नोकऱ्या जाण्याचा काळ आणि घरांना गिऱ्हाईक नसण्याचा काळ हे दोन वेगळे काळ असतात, असं कुणी सांगितलं?

समोरच्या बाजूचा सगळ्यात टोकदार मुद्दा समतेचा आहे, आणि तो मला मान्य आहे. टाटा स्टीलने २००७ मध्ये सुमारे बारा अब्ज डॉलर मोजून कोरस ही ब्रिटिश-डच पोलाद कंपनी घेतली, त्यातला मोठा भाग कर्जाचा होता, आणि आपण सगळ्यांनी छाती फुगवली. उद्योगपतीने कर्ज काढून बाहेर कारखाना घेतला तर तो पराक्रम आणि पगारदाराने कर्ज काढून स्टुडिओ घेतला तर तो गुन्हा, हे कसं? प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की त्या व्यवहारातलं कर्ज कंपन्यांच्या नावावर होतं, त्यातलं बरंच कोरसच्याच कमाईतून फेडायचं होतं, आणि कंपनीच्या भागधारकाची जबाबदारी त्याच्या भागभांडवलापुरतीच असते. वर्षभरात मंदी आली, पोलादाचे भाव पडले, तो सौदा पुढे कित्येक वर्षं गळ्यातला धोंडा ठरला. २०२४ मध्ये त्याच सौद्यात आलेल्या, वेल्समधल्या पोर्ट टॅलबटच्या झोतभट्ट्या बंद झाल्या. पण म्हणून कुणा भागधारकाचा पगार जप्त झाला नाही. पर्सनल लोनला ही तटबंदी नाही. बँकेकडे घराचे कागद नसतात म्हणून तिने काहीच धरून ठेवलेलं नसतं असं नाही. पुढच्या साठ महिन्यांचा पगार तिने धरलेला असतो, आणि ती जोखीम मोजूनच गृहकर्जापेक्षा चार-पाच टक्के जास्त व्याज लावलेलं असतं. समता हवी असेल तर ती दोन्हीकडून हवी: टाटांचं कर्ज मागता, तर टाटांची मर्यादित जबाबदारीही आहे का तुमच्याकडे?

दुसरा तगडा मुद्दा रुपयाचा. देणं रुपयांत, मालमत्ता दिरहममध्ये, आणि दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला. २०११ च्या मध्याला पंचेचाळीस रुपयांच्या आत मिळणारा डॉलर २०२५ च्या डिसेंबरात नव्वदीला टेकला. मग रुपयांत कर्ज आणि डॉलरमध्ये घर, याहून चांगली जोडी कोणती? मुद्दा खरा आहे, पण घर पूर्ण होऊन ताब्यात आल्यानंतरचा. त्याआधी चार-पाच वर्षं हप्ते भरायचेत ते दिरहममध्ये, आणि पगार रुपयांत. रुपया घसरला की घराची रुपयांतली किंमत वाढते तसा पुढचा प्रत्येक हप्ताही वाढतो, आणि पहिली वाढ कागदावर असते तर दुसरी खात्यातून जाते. २०२१ च्या मध्यावर ज्याने बुकिंग केलं त्याला दिरहम वीस रुपयांच्या आसपास पडत होता. २०२५ संपताना तो साडेचोवीसला गेला. सहा हजार दिरहमचा तोच हप्ता एक लाख एकवीस हजारांवरून एक लाख सत्तेचाळीस हजारांवर. पगार तेवढा वाढलेला असेल तर ठीक. हंगेरी आणि पोलंडमधल्या मध्यमवर्गाने स्वस्त व्याजाच्या मोहाने स्विस फ्रँकमध्ये गृहकर्जं काढली होती. पगार फॉरिंट आणि झ्लॉटीमध्ये. १५ जानेवारी २०१५ ला स्विस मध्यवर्ती बँकेने फ्रँकच्या दरावरची मर्यादा एका सकाळी उठवली, फ्रँक महागला आणि पोलंडमधल्या हजारो कुटुंबांचं देणं न काही करता वाढलं. बिल्डरचा हप्त्यांचा तक्ता हे तसंच परकीय चलनातलं देणं आहे, फक्त त्याला कुणी कर्ज म्हणत नाही. म्हणजे आपल्या स्टुडिओवाल्याच्या डोक्यावर दोन कर्जं आहेत, एक रुपयांत आणि एक दिरहममध्ये, आणि तो मोजतो फक्त पहिलं.

नियम बदलतात, हा धोका तर कुणी हिशेबातच धरत नाही. २०१३ च्या ऑगस्टमध्ये रुपया कोसळत असताना रिझर्व्ह बँकेने एलआरएसची मर्यादा दोन लाख डॉलरवरून एका फटक्यात पंचाहत्तर हजारांवर आणली आणि या योजनेखाली परदेशात घर घेण्यावर बंदीच घातली. पुढच्या वर्षी ती उठली. पाच वर्षांचे परदेशी हप्ते स्वीकारताना पाच वर्षं हे दार उघडंच राहील असं आपण गृहीत धरतो, कशाच्या आधारावर?

‘पण दुबई वाढणारच,’ हे यानंतरचं वाक्य. वाढेलही. मी ते नाकारत नाही. पण मालमत्ता चांगली असणं आणि कर्जदार तरणं या दोन गोष्टींचा संबंध वाटतो तितका घट्ट नाही, आणि त्याचा सगळ्यात मोठा पुरावा मुंबईतच आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात तिथला कापूस बंद पडला आणि मुंबईत पैशांचा पूर आला. तो पैसा समुद्र बुजवून जमीन करण्याच्या कंपन्यांत ओतला गेला. बॅक बे रेक्लमेशन कंपनीच्या पाच हजार रुपये भरणा झालेल्या शेअरचा भाव पन्नास हजारांपर्यंत चढला. प्रेमचंद रायचंद हे त्या काळचं सर्वात मोठं नाव. राजाबाई टॉवर त्यांच्याच देणगीतून उभा राहिला. शेअर घ्यायला पैसा कुठून आला? बऱ्याच अंशी उधारीतून. बँक ऑफ बॉम्बेने पुरेशा तारणाविना, ओळखीवर आणि त्याच फुगलेल्या शेअर्सच्या भरवशावर कर्जं वाटली. १८६५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं, कापूस पडला, आणि १ जुलैला वायद्यांचे सौदे पुरे करायची वेळ आली तेव्हा शहरातली कित्येक प्रतिष्ठित घराणी दिवाळखोरीच्या दारात उभी होती. १८६८ मध्ये ती बँकही बुडाली. आता विचार करा, समुद्र हटवून केलेली जमीन सोन्याच्या मोलाची होईल हा त्या लोकांचा अंदाज चुकला होता का? आज मरीन ड्राइव्हवर फेरफटका मारा. अंदाज शंभर टक्के बरोबर होता. फक्त तो खरा ठरायला साठ-सत्तर वर्षं लागली आणि कर्जाची मुदत तेवढी नव्हती. दुबईतल्या भराव घालून केलेल्या पाम जुमेरा बेटाचं चित्र दाखवत ‘समुद्रातली जमीन आहे, भाव पडणार नाही’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला हा इतिहास परका असावा, याचं मला नवल वाटतं.

दुबईचा स्वतःचा इतिहासही फार जुना नाही. २००२ मध्ये परदेशी लोकांना ठरावीक भागांत मालकी हक्काने घरं घेण्याची वाट मोकळी झाली, २००८ पर्यंत बुकिंगच्या पावत्या चहाच्या कपासारख्या हातोहात फिरल्या आणि नंतरच्या वर्षभरात किमती निम्म्यावर आल्या. २५ नोव्हेंबर २००९ ला दुबई वर्ल्ड या तिथल्या सरकारी कंपनीने आपल्याला कर्ज देणाऱ्यांकडे सहा महिन्यांची सवलत मागितली. डिसेंबरात अबू धाबीने दहा अब्ज डॉलर देऊन तिला सावरलं. तिच्याकडे अबू धाबी होती. अर्धवट मनोऱ्यांत पैसे अडकलेल्या ग्राहकांसाठी तसं कुणी धावलं नाही. न्यायाने हेही म्हटलं पाहिजे की त्या धड्यातून दुबई शिकली. ग्राहकांचे पैसे त्याच बांधकामावर खर्च व्हावेत म्हणून प्रत्येक प्रकल्पाचं वेगळं एस्क्रो खातं, बुकिंगची सरकारी नोंद, बांधकामाची टक्केवारी ऑनलाइन, हे तिथे आपल्यापेक्षा नेटकं चालतं. शिवाय तिथल्या मध्यवर्ती बँकेने पर्सनल लोनला पगाराच्या वीसपट रकमेची आणि अठ्ठेचाळीस महिन्यांची मर्यादा कधीच घातली आहे. म्हणजे दुबईने स्वतःच्या रहिवाशांना जो लगाम लावला, तो पुण्यात बसून तिथलं घर घेणाऱ्याला लागत नाही.

कोकणचं उदाहरण हमखास दिलं जातं, आणि ते टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. खेड, चिपळूण, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यातल्या कित्येक वाड्यांवर आखाती देशांतल्या पगाराने घरं उभी राहिली. त्यातली काही तिथल्या बँकेच्या पर्सनल लोनवरच. एका भावाने दुबईत कर्ज काढायचं, गावात चिऱ्याचं घर बांधायचं किंवा मुंब्र्यात, पनवेलला फ्लॅट घ्यायचा, चार वर्षं मान खाली घालून हप्ते फेडायचे. हेही विनातारण कर्जावर दुसऱ्या देशातलं घरच की! त्यांचं साधलं, मग आमचं का नाही साधणार? कारण त्यांच्या हिशेबाची बाजू उलटी होती. पगार दिरहममध्ये, कर्ज दिरहममध्ये आणि खर्च घसरत जाणाऱ्या रुपयात. घर बांधून होणार की नाही ते गवंड्याला विचारून कळत होतं. आणि त्या घरात आईवडील राहणार होते. भाडं येईल तेव्हा हप्ता जाईल असं गणित त्यात नव्हतं. तरीसुद्धा जिथे नोकरी गेली तिथे काय झालं? नोकरीबरोबर व्हिसा गेला, बँकेने ग्रॅच्युइटी कर्जात वळती केली, दिलेला चेक वटला नाही म्हणून देश सोडायला बंदी आली. २००९ मध्ये दुबईच्या विमानतळावर गाड्या टाकून माणसं परतली ती याच भीतीने. पूर्वी निदान इथे आलं की सुटलो म्हणता येत होतं. जानेवारी २०२० मध्ये भारत सरकारने संयुक्त अरब अमिरातींना दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४-अ खाली अधिसूचित केलं. आता तिथल्या दिवाणी न्यायालयाचा पैशांचा हुकूमनामा रत्नागिरीच्या जिल्हा न्यायालयातही वसुलीसाठी दाखल होऊ शकतो.

समाजमाध्यमांवरचे आर्थिक गुरू या सगळ्याला एका वाक्यात उडवतात: घरासाठी काढलेलं ते चांगलं कर्ज, गाडीसाठी काढलेलं ते वाईट. पण कर्ज कशासाठी काढलं यावरून ते चांगलं ठरत नाही. घेतलेली वस्तू कर्जाच्या मुदतीत ते फेडू शकते का, यावर ठरतं. सहा लाख दिरहमच्या त्या स्टुडिओवर सात टक्के भाडं मिळालं असं मानू. देखभालीचा आकार दिला, भारतीय रहिवासी म्हणून त्या भाड्यावर इथे तीस टक्क्यांच्या टप्प्यात कर भरला (तिथे आयकर नाही म्हणून इथे माफ होत नाही, हे प्रदर्शनात कुणी सांगत नाही) की हातात चारच्या आसपास उरतात. चारच्या उत्पन्नावर तेराचं व्याज? तेही ताबा मिळाल्यावर. पाचातली पहिली चार वर्षं शून्य. यावर एक चलाख उत्तर मी ऐकलंय, की भाड्यातून व्याजाची वजावट घेता येते. येते. पण ती मागायची तर हे कर्ज याच घरासाठी काढलं असं विवरणपत्राच्या हिशेबात दाखवावं लागतं, आणि बँकेला आपण ते लग्नाचं सांगितलेलं असतं. खोटं टिकवायचं तर वजावट सोडा, वजावट हवी तर कबुली द्या. आणि घरच विवरणपत्रात दाखवलं नाही, तर २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली दहा लाखांचा दंड आहे. वीस लाखांपर्यंतच्या किरकोळ परदेशी मालमत्तेला २०२४ मध्ये जी सूट मिळाली तिच्यातूनही स्थावर मालमत्ता मुद्दाम वगळलेली आहे.

सर्वात अवघड आक्षेप मी शेवटी ठेवलाय. पैशाला नाव नसतं. एखाद्याने एफडी मोडून दुबईला पाठवली आणि महिन्याने मुलीच्या लग्नाला खरोखरच पर्सनल लोन घेतलं, तर नियम मोडला का? कागदावर नाही. मग ज्याच्याकडे एफडी नाही त्यालाच नियम अडवतो, सधन माणूस सुटतो. हे खरं आहे, आणि कोणत्याही नियमाने हे पूर्ण थांबणार नाही. पण नियमाचा मूळ हेतू बघा. एफडीवाल्याची नोकरी गेली तरी बुडतील ते साठलेले पैसे. एफडी नसलेल्याचे बुडतील ते अजून न मिळवलेले. दुसऱ्याला रोखणं हा अन्याय आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२३ मध्ये विनातारण ग्राहक कर्जांवरचं जोखीमभारांकन (कर्जामागे बँकेने किती भांडवल राखायचं ते ठरवणारं माप) शंभरवरून सव्वाशे टक्के का केलं, याचाही विचार करावा. हा पैसा शेवटी ठेवीदारांचा आहे.

राहता राहिली जबाबदारी. महाराष्ट्रात खराडीतल्या इमारतीची जाहिरात करायची तर महारेराचा, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाचा, क्रमांक आणि क्यूआर कोड छापावा लागतो, नाही छापला तर दंड होतो. त्याच पानावर दुबईच्या मनोऱ्याची जाहिरात शेजारी झळकते, तिच्यावर काहीच नसतं, कारण रेरा कायदा भारतातल्या प्रकल्पांपुरता आहे. इथे येऊन विकणाऱ्याने किमान तीन गोष्टी ठळक छापाव्यात अशी सक्ती करायला काय हरकत आहे: हप्ता रुपयांत किती, हप्ते थकले तर किती टक्के जप्त होतील, आणि यासाठी कर्ज काढणं नियमात बसत नाही. दुसरं, ए-टू फॉर्मवर सरळ प्रश्न हवा की गेल्या सहा महिन्यांत आपण कोणतं विनातारण कर्ज घेतलं आहे का. आणि तिसरं, खोट्या सहीबद्दल ग्राहकाला दंड होणार असेल तर न बघता रक्कम पाठवणाऱ्या बँकेलाही तो व्हायला हवा.

यावर म्हटलं जाईल की मग लोक हवाल्याकडे वळतील. ज्यांच्याकडे रोकड आहे ते आजही वळतातच. पण आपण बोलतोय तो पगारदार आहे. त्याच्याकडे रोकड नाही, एक सॅलरी खातं आहे. कर्ज त्याच खात्यात जमा होतं, रेमिटन्स त्याच खात्यातून जातं, आणि पुष्कळदा कर्ज देणारी बँक आणि पैसे बाहेर पाठवणारी बँक एकच असते. सोमवारी पंचवीस लाख जमा आणि गुरुवारी साडेवीस लाख एस-०००५ खाली दुबईला, या तिच्याच स्टेटमेंटमधल्या लागोपाठच्या दोन ओळी आहेत. ‘आम्हाला कसं कळणार?’ असं म्हणायची सोय तिला आजपर्यंत कुणी आणि का ठेवली, हे तिला परवाना देणाऱ्यांना विचारायला हवं.